रुखसत वर्गातही: मुंब्र्यातल्या एका इस्लामी माध्यमिक शाळेच्या समावेशक अभ्यासक्रमाचं मूल्यमापन

मुंब्रा स्टेशनवरून कौशाकडे जाताना जुन्या मुंबई–पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शाळांचे फलक दिसतात. १९९२–९३च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबं इथे आली, वस्ती दाटत गेली, मोकळी जागा उरली नाही. शाळा तीन-चार मजल्यांच्या अरुंद इमारतींत, दोन पाळ्यांत भरू लागल्या. इथल्या समावेशक शिक्षणाबद्दल बोलताना जिना, आवाज आणि वेळ या तीन गोष्टी आधी डोळ्यांसमोर ठेवायला हव्यात. धोरणाचे कागद नंतर.

पुढे मांडलेली शाळा अभ्यासासाठी रचलेली आहे. ती आणि तिच्या नोंदींतले आकडे कल्पित आहेत, पण कायदे, लिपीच्या अडचणी, परीक्षेचे प्रश्न आणि उपाय खरे आहेत. शाळा मान्यताप्राप्त, उर्दू माध्यमाची, अल्पसंख्याक संस्थेने चालवलेली. सकाळच्या पाळीत मुली, दुपारच्या पाळीत मुलगे. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, त्याच्या जोडीला आठवड्याला सहा तास दीनियात (धर्मशिक्षण) आणि नाझरा (कुराण पाहून वाचणं). मूल्यमापन आठवी ते दहावीच्या सहा तुकड्यांचं, म्हणजे साधारण २७० मुलामुलींचं. एकच प्रश्न होता: शाळेचा ‘समावेशक अभ्यासक्रम’ ज्या मुलांसाठी आहे त्यांच्या वहीपर्यंत, तोंडापर्यंत आणि उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचतो का?

‘इस्लामी शाळा’ म्हणजे कोणती शाळा, हे आधी ठरवावं लागतं. इंडोनेशियात माध्यमिक मदरसे धर्मव्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत, देशाच्या शिक्षणव्यवस्थेचाच भाग म्हणून चालतात. तिथल्या प्रश्नावल्या जशाच्या तशा इथे वापरल्या तर निम्मे प्रश्न फुकट जातात. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा शिक्षणहक्क कायद्याबाहेर ठेवल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या प्रमाती निकालाने अल्पसंख्याक शाळांनाही त्या कायद्यातून सूट मिळाली. त्यामुळे बऱ्याच संस्थाचालकांना वाटतं की समावेशक शिक्षणाची सक्ती आपल्याला नाहीच. हा गैरसमज पहिल्याच बैठकीत दूर करावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ वेगळा आहे. त्याचं सोळावं कलम सरकारी अनुदानावर चालणाऱ्या किंवा सरकारमान्य असलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांबद्दल बोलतं, त्यात अल्पसंख्याक शाळा वगळलेल्या नाहीत. एकतिसावं कलम ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतं. म्हणजे दहावीपर्यंतची सगळी वर्षं त्यात येतात.

कागद काय सांगत होता

शाळेच्या फायलीत नऊ पानांचं ‘समावेशित शिक्षण धोरण’ होतं. त्यात ‘संसाधन कक्ष’, ‘ब्रेल कोपरा’ आणि ‘उद्वाहक’ असे शब्द होते. इमारतीत यातलं काहीही नव्हतं. कागद दुसऱ्या कुठल्यातरी शाळेवरून उतरवलेला होता. तपासणीच्या आदल्या आठवड्यात कागद पुरा करायचा असेल तर असंच होतं, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना धारेवर धरून काही साधत नाही. धोरणाचा कागद बाजूला ठेवून वार्षिक नियोजन, वेळापत्रक, मागच्या दोन सत्रांच्या प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या वह्या मागवल्या. अभ्यासक्रम खरा राहतो तो या चार ठिकाणी.

यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीच्या, माहितीत विशेष गरजा असलेली मुलं होती ३. शिक्षकांना वेगळी यादी मागितली तेव्हा ती आली १७ नावांची. हा फरक जवळपास सगळीकडे निघतो. यू-डायस भरताना प्रमाणपत्र हातात असलेलीच मुलं मोजली जातात, तर शिक्षक अडखळणारं प्रत्येक मूल मोजतात. दोन्ही याद्या कच्च्या असतात. सतरातली सहा मुलं तपासून पाहिली तर अडचण वेगळीच होती: दोघांना चष्मा लागत होता, एक मुलगी वर्षभर घरच्या कामामुळे गैरहजर होती, तिघं नुकतीच हिंदी माध्यमातून आली होती. उरली अकरा. त्यातली चार मुलं बारकाईने पाहण्यासाठी निवडली. आठवीतली अल्पदृष्टी असलेली मुलगी, नववीतली श्रवणयंत्र वापरणारी मुलगी, नववीतला वाचनात अडकणारा मुलगा आणि दहावीतला चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा.

नोंद कशी घेतली

मूल्यमापनाचा साचा डॅनियल स्टफलबीम यांचा, संदर्भ–साधनं–प्रक्रिया–फलित असा चार भागांचा. चारही भागांना सारखं वजन मात्र दिलं नाही. साधनं मोजायला अर्धा दिवस पुरतो. प्रक्रियेला, म्हणजे वर्गात प्रत्यक्ष काय घडतं त्याला, सगळ्यात जास्त वेळ ठेवला. शिक्षकांकडून ‘पूर्ण सहमत–अंशतः सहमत’ भरून घेण्याची पद्धत वगळली. त्यात सगळे ‘पूर्ण सहमत’वर खूण करतात आणि हाताला काही लागत नाही.

तास ३५ मिनिटांचा. दर पाच मिनिटांनी तीन गोष्टी लिहायच्या: शिक्षक काय करतात, निवडलेलं मूल काय करतं, शेजारचं मूल काय करतं. एका तासाच्या सात नोंदी. चार मुलं, उर्दू, गणित आणि दीनियात हे तीन विषय, प्रत्येकाचे दोन तास. एकूण २४ तास, १६८ नोंदी. शेजारच्या मुलाची नोंद घ्यायलाच हवी. ती नसेल तर वर्ग एकंदरीत कंटाळलेला आहे की फक्त हेच मूल सुटलंय, ते कळत नाही. वेळ निवडताना रमजान टाळावा, कारण शाळेचे तास तेव्हा आखडलेले असतात. शुक्रवारी जुम्यामुळे वेळापत्रक छोटं असतं, म्हणून सोमवार ते गुरुवारच्याच नोंदी घ्याव्यात. घटक चाचणीचा आठवडा तर नकोच.

निवडलेलं मूल वर्गाच्याच कामात गुंतलेलं होतं असं उर्दूच्या ५६ नोंदींपैकी १९मध्ये दिसलं, गणिताच्या ५६पैकी २१मध्ये, दीनियातच्या ५६पैकी ४१मध्ये. शेजारच्या मुलाचे आकडे अनुक्रमे ४४, ४२ आणि ४५.

दीनियातच्या तासाला दरी जवळजवळ नाहीशी होते. ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची नोंद. बाहेरून येणारे मूल्यमापक बहुधा तो तास पाहतच नाहीत. ‘तो धार्मिक भाग, आपला विषय नाही’ म्हणून सोडून देतात.

सबकच्या वहीत काय असतं

कारण शोधायला दीनियातचा तास पुन्हा दोनदा पाहिला. नाझऱ्यात आणि हिफ्जमध्ये (कुराण पाठ करण्यात) उस्ताद प्रत्येक मुलाचं वेगळं ऐकतात. नवा धडा म्हणजे सबक, गेल्या काही दिवसांतल्या धड्यांची उजळणी म्हणजे सबकी, जुना पाठ म्हणजे मंझिल. प्रत्येक मुलाची छोटी वही असते, तीत तारीख, किती ओळी, कुठे अडकलं, पुन्हा ऐकायचं का. एक मूल दिवसाला तीन ओळी करतं, दुसरं पानभर. तीन ओळींवाल्याला कोणी ‘ढ’ म्हणत नाही, त्याचा सबक तेवढा आहे इतकंच. समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणांत ज्याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात, तो या शाळेत आधीपासून चालू होता. फक्त त्याचं नाव वेगळं होतं आणि तो एकाच विषयापुरता होता.

दुसरी गोष्ट रुखसतची. हिंदी गाण्यांमुळे आपल्याला रुखसत म्हणजे निरोप इतकंच ठाऊक असतं. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, रुखसत म्हणजे अडचणीत असलेल्याला शरियतनेच दिलेली सवलत. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर कुशीवर. पाणी चालत नसेल तर वुझूऐवजी (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याऐवजी) मातीने तयम्मुम. आजाऱ्याने रोजा आता सोडावा आणि नंतर भरून काढावा. यात नमाज कमी प्रतीची होत नाही आणि कोणी उपकारही करत नसतं. शाळेतले सगळे शिक्षक हे जाणतात, मुलांना शिकवतातही. पण गणिताच्या चाचणीत वीस मिनिटं जास्त द्यायची वेळ आली की तेच शिक्षक म्हणतात, ‘मग बाकीच्यांवर अन्याय नाही का?’ एकाच इमारतीत न्यायाच्या दोन कल्पना चालू होत्या.

शिक्षकांच्या बैठकीत ‘वाजवी सोय’ हा कायद्यातला शब्द थोडा उशिरा आणला. आधी चर्चा रुखसतवर झाली. सूरह अबसाचा संदर्भ मौलानांनीच काढला: पैगंबरांचे अंध सहाबी (सहकारी) अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम काही विचारायला आले, त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून उतरलेली ती सूरह. हेच इब्न उम्मे मकतूम पुढे मदिनेत अजान देत. आठवीच्या दीनियातमध्ये ही सूरह पाठ करायला होती, पण तिची कथा वार्षिक नियोजनात कुठेच नव्हती. ती एका तासात घालता येते. अशा बदलाला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. एक दक्षता मात्र घ्यावी: कोणती धार्मिक सवलत कुणाला लागू होते हे मूल्यमापकाने ठरवू नये. ते शाळेच्या आलिमांकडे किंवा मुफ्तींकडे सोपवावं आणि त्यांचं उत्तर लेखी घ्यावं.

दीनियातचा तास आदर्श होता असा याचा अर्थ नाही. नववीतल्या मुलाची अडचण याच तासाने सगळ्यात जास्त झाकून ठेवली होती.

बोट आणि ओळ

या मुलाला कुराणाचा तिसावा पारा (भाग) तोंडपाठ. तजवीद, म्हणजे पठणातले उच्चार, चांगली, आवाज स्वच्छ. ‘सब याद है मौलाना साब, बस स्कूल की किताब में दिल नहीं लगता,’ असं आईचं म्हणणं. तो म्हणत असताना त्याच्या बोटाकडे पाहिलं तर काय चाललंय ते कळतं. बोट ओळीवरून एकसारखं सरकत राहतं आणि तोंडचा शब्द बोटाच्या दोन शब्द पुढे असतो. सूरह संपते तेव्हा बोट अजून आधीच्या आयतीवर. पानाच्या मधल्या एका शब्दावर पेन्सिल टेकवून ‘हा कुठला?’ विचारलं की तो पहिल्यापासून मनात म्हणत त्या शब्दापर्यंत येतो. उर्दूच्या पुस्तकातला १०० शब्दांचा न पाहिलेला उतारा वाचायला त्याला सहा मिनिटं लागली, आणि त्यात २३ शब्द अंदाजाने घेतलेले.

कुराणाच्या छापील प्रतीत झेर, झबर, पेश ही स्वरचिन्हं सगळी दिलेली असतात. रोजच्या उर्दूत ती लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने शब्द ओळखून स्वर भरायचे. बे, पे, ते, टे, से यांचं अंग एकच, फरक ठिपक्यांचा किंवा वरच्या खुणेचा. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं. गणितात तर वाक्य उजवीकडून डावीकडे आणि समीकरण डावीकडून उजवीकडे. शिवाय मराठीसाठी देवनागरी, इंग्रजीसाठी रोमन. ज्याला अक्षर-ध्वनीची जोडी जुळवताना त्रास होतो त्या मुलावर एका दिवसात इतका भार येतो. त्याची स्मरणशक्ती तल्लख असल्यामुळे आठवीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

चाळणी म्हणून तीन गोष्टी पुरतात. पाठ सूरहमधली आयत उलट्या क्रमाने दाखवणे, न पाहिलेला १०० शब्दांचा उतारा, आणि दहा शब्दांचं श्रुतलेखन. एका मुलाला बारा मिनिटं. हे निदान नव्हे, निदान सरकारमान्य रुग्णालयातच व्हायचं. तिथे खरी अडचण भाषेची येते. अध्ययन अक्षमतेच्या रूढ चाचण्या उर्दूत सहसा मिळत नाहीत. मूल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत तपासलं गेलं तर परक्या लिपीतली कमजोरी अक्षमता म्हणून नोंदली जाऊ शकते, किंवा खरी अक्षमता ‘माध्यम वेगळं’ म्हणून सुटून जाते. म्हणून मुलाबरोबर उर्दू श्रुतलेखनाचे तीन नमुने, उतारा वाचतानाचं मोबाईलवरचं ध्वनिमुद्रण आणि शिक्षकांची पानभर नोंद पाठवावी. ही कामं आठवीत सुरू करावीत. दहावीचा अर्ज भरताना धावपळ झाली तर प्रमाणपत्र वेळेत हाती येत नाही. वर्गातल्या सोयी प्रमाणपत्रासाठी अडवून ठेवायचं तर काही कारणच नाही. जास्त वेळ देणं, प्रश्न वाचून दाखवणं, तोंडी उत्तर घेणं हे शाळा आपल्या अधिकारात उद्यापासून करू शकते.

बाकीच्या तिघांचं

आठवीतली मुलगी पहिल्या बाकावर बसत होती. शाळेच्या मते सोय झाली होती. उर्दूच्या ३५ मिनिटांच्या तासात २२ मिनिटं फळ्यावरून उतरवून घेण्यात गेली. शेजारणीच्या वहीत २४ ओळी, तिच्या वहीत ९. नस्तालीक, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणाचं, अक्षर तिरकं उतरत जातं, ओळी एकमेकींत शिरतात, ठिपके खडूने पुसट होतात. तिचं पुस्तक ए-फोरवरून ए-थ्रीवर मोठं करून दिलं होतं. ते अक्षर साधारण १४१ टक्के होतं, पण झेरॉक्समध्ये ठिपके फुगून एकमेकांना चिकटतात, ‘ते’ आणि ‘बे’ एकच दिसायला लागतं. बालभारतीच्या पीडीएफवरून थेट मोठं छापलं की ठिपके स्वच्छ राहतात. शाळेतल्या चाचण्या नस्तालीकऐवजी नस्ख या सरळ ओळीच्या वळणात, २० ते २४ पॉइंटमध्ये, दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवून छापाव्यात. ती कुराण नस्खमध्ये वाचतेच, म्हणून तिला हे वळण परकं नाही. स्क्रीन रीडरचा पर्याय सुचवण्याआधी तपासून घ्यावं, कारण उर्दू टंकनाच्या जुन्या इनपेज पद्धतीने केलेल्या पीडीएफमधला उर्दू मजकूर त्याला वाचता येत नाही.

श्रवणयंत्रवाल्या मुलीच्या अडचणी ऐकायला छोट्या, पण त्यांनीच तिचं वर्ष घालवलं होतं. यंत्राचा मायक्रोफोन कानामागे, वरून जाड कापडाचा हिजाब. मान हलली की कापड मायक्रोफोनवर घासतं आणि तिला खरखर ऐकू येते. कापड यंत्रावर दाबून बसलं की शिट्टी वाजते. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, वर्गात यंत्र बंद करून बसायची. उपाय आईबरोबर बसून निघाला: आतली टोपी कानामागे सैल शिवायची, वरचं कापड पातळ सुती, पिन कानापासून दूर. ओठ वाचण्याचा प्रश्न वेगळा होता. मुलींच्या पाळीतल्या एक मुअल्लिमा (शिक्षिका) नकाब घेऊन शिकवत, कारण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारे पुरुष कर्मचारी त्याच मार्गिकेतून जात. त्यांनी स्वतःच सुचवलं, दाराला अर्ध्या उंचीचा पडदा लावा आणि आधी दार वाजवायचा नियम करा, मग वर्गात चेहरा उघडा ठेवता येईल. पडदा लागला. मूल्यमापकाने हे सुचवलं असतं तर कदाचित वाद झाला असता. म्हणून अडचण मांडावी आणि थांबावं. बाकांच्या पायांना रबरी बुचं बसवल्यावर लाद्यांवरचा खरखराट गेला, त्याचा फायदा सगळ्याच वर्गाला झाला.

तजवीदच्या गुणांचा प्रश्नही तिच्यामुळे पुढे आला. सीन, साद आणि से यांचे उच्चार वेगळे, पण उंच स्वरातला फरक तिला ऐकूच येत नाही. उच्चाराचे २० गुण तिला कधीच मिळणार नव्हते. मौलानांनी त्यातले १२ गुण अक्षर ओळखणे आणि मखरज, म्हणजे तोंडातली उच्चाराची जागा, आकृतीवर दाखवणे यावर ठेवले, ८ उच्चाराच्या प्रयत्नावर. गुण मेहरबानी म्हणून वाटले नाहीत, तिला येऊ शकतं ते तपासलं गेलं. या दोन गोष्टींतला फरक नोंदीत स्पष्ट लिहावा. पुष्कळ शाळांत दिव्यांग मुलाला सरसकट पास करतात आणि त्यालाच समावेश समजतात. ते मूल दहावीत हात रिकामे घेऊन येतं.

चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाबद्दल थोडक्यात. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणलेला, चांगलं केलं. पण दाराला तीन पायऱ्या, ४५ सेंटिमीटर उंची. १:१२च्या उताराने ५ मीटर ४० सेंटिमीटरची रॅम्प लागते आणि दारासमोर तेवढी जागा नाही. एका वळणाची रॅम्प बाजूच्या भिंतीला लागून बसते, मध्ये सपाट थांबा देऊन. वुझूखान्यात नळ जमिनीलगत होते. एक नळ खुर्चीच्या उंचीला, दांडीचा, घ्यावा. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांना तो दोन वर्षं गेलेला नव्हता, त्याच्या वहीतलं ‘निरीक्षण’ मित्राच्या वहीतून उतरवलेलं होतं आणि गुण मात्र पूर्ण. आठवड्यातून एकदा साहित्य ट्रॉलीत भरून खाली आणणं हाच तूर्त मार्ग.

प्रश्नपत्रिका

समावेशक अभ्यासक्रमाची खरी कसोटी प्रश्नपत्रिकेवर. नववीच्या गणिताच्या पहिल्या सत्राच्या पेपरातले प्रश्न एकेक करून दोन रकान्यांत मांडले: काय तपासायचंय आणि त्यासाठी मुलाला आणखी काय करावं लागतं. प्रमाणाचं एक साधं उदाहरण पाच ओळींच्या उर्दू वर्णनात गुंडाळलेलं. वाचणाऱ्याला दोन मिनिटांचं गणित, अडखळणाऱ्याला नऊ मिनिटांची भाषेची परीक्षा. २० प्रश्नांपैकी ९ असे निघाले. तेच उदाहरण दोन ओळींत आणि एका आकृतीत मावतं, गणित तितकंच अवघड राहतं.

मंडळाच्या परीक्षेतल्या सवलती, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, अध्ययन अक्षम मुलांसाठी भाषेच्या जागी दुसरा विषय, शाळेला माहीत होत्या. पण त्या दहावीतच उगवायच्या. ज्याने कधी लेखनिकाला सांगून लिहिलं नाही त्याला बोर्डाच्या पेपरात ते जमत नाही. स्वल्पविराम कुठे, आकृतीचं वर्णन कसं करायचं, चूक झाली तर मागे कसं जायचं, हे सरावाने येतं. नववीत किमान दोन घटक चाचण्या लेखनिकाबरोबर व्हाव्यात. लेखनिक खालच्या इयत्तेतला, आणि इथे त्याला उर्दू सफाईने लिहिता यायला हवी. असं मूल परीक्षेच्या तोंडावर शोधत बसण्यापेक्षा आठवीतल्या चार मुलांची यादी आधीच करून ठेवावी. भाषा सोडण्याचा निर्णय पालकांनी घाईत घेऊ नये. मराठी सोडली तर महाराष्ट्रात पुढे नोकरीला अडतं, हे त्यांना आधी सांगायलाच हवं.

काय ठरलं, काय हललं

सत्राचा आराखडा सबकच्या वहीवरूनच केला. अकरा मुलांसाठी तशीच छोटी वही: डाव्या बाजूला उर्दू, उजव्या बाजूला गणित. प्रत्येकात तीनच रकाने, सबक, सबकी, मंझिल. शिक्षकांना नवा फॉर्म शिकवावा लागला नाही. विशेष शिक्षकाची नेमणूक शाळेला शक्य नव्हती. विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०२१चा निकाल आहे, पण कौशातल्या वर्गात तो शिक्षक अजून उभा नाही. शहर साधन केंद्राकडून महिन्यातून एकदा येणाऱ्या विशेषतज्ज्ञाला तोवर एक काम ठरवून दिलं: अकरा वह्या पाहायच्या, वर्गात फेरी मारून सही करायची नाही. यंत्राच्या दुरुस्तीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीसाठी खारघरचं राष्ट्रीय संस्थेचं केंद्र, हे दोन पत्ते वहीच्या मागच्या पानावर छापले.

दुसऱ्या सत्रात त्याच पद्धतीने पुन्हा १६८ नोंदी घेतल्या. उर्दू १९वरून ३३, गणित २१वरून ३०, दीनियात ४१वरून ४३. उर्दूतली वाढ बहुतेक एका बदलाची: फळ्यावरचं उतरवणं दहा मिनिटांवर आणलं आणि उरलेला मजकूर छापून दिला. गणितात वही चालली, पण प्रश्नपत्रिका बदलली नाही. पेपर काढणारे शिक्षक नोंदींच्या बैठकीला नव्हते. ही चूक मूल्यमापनाची, शाळेची नव्हे. पेपर काढणाऱ्याला पहिल्या दिवशी टेबलावर बसवायला हवं होतं.

आणखी एक बिघाड उशिरा दिसला. अल्पदृष्टीच्या मुलीला मदत करणाऱ्या शेजारणीचे उर्दूचे गुण पडले. दोन वह्या ती एकटी लिहीत होती. आता मदतीची पाळी दर पंधरवड्याला बदलते आणि कार्बन कागद वापरतात.

जूनमध्ये आठवीत पूर्ण अंध मुलगा प्रवेश घेणार आहे. त्याच्यासाठी काम आत्ताच सुरू करावं लागेल. भारतातली उर्दू ब्रेल भारती ब्रेलवर बसवलेली आहे, अरबी ब्रेलमधल्या कुराणातली काही चिन्हं वेगळी, आणि दोन्ही वाचायच्या डावीकडून उजवीकडे, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांच्या उलट. मौलाना सबक ऐकतील ते कुराणावरचं, उर्दूच्या बाई शिकवतील ते बालभारतीचं, आणि मुलाच्या बोटाखाली दोन वेगळे संकेत येतील. तो आत्तापर्यंत कोणता संकेत शिकला आहे, हे त्याच्या जुन्या शिक्षकांना एप्रिलच्या आत विचारायचं आहे. पुस्तकं मागवायची ती त्यानंतरच.